विंचवाचं बिऱ्हाड ब्युनॉस आयर्सला

पाठीवर सॅक अडकवून आम्ही दोघं जिना उतरत होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "काय गं, पन्हाळा का?"

"नाही काकू, जरा पुढं."

हे 'जरा पुढं' म्हणजे दक्षिण अमेरिका, हे सांगायचा मला धीर झाला नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा प्रश्न काय विचारला असता, ते मला पक्कं ठाऊक होतं : "आणि मुलं गं?"

मैत्रिणींनो, काकूंनी न विचारलेल्या ह्या प्रश्नानं पुढे आठवडाभर माझी पाठ सोडली नाही. म्हणून ही हकिकत केवळ 'काय पाहिलं, काय खाल्लं' अशी राहिलेली नाही.

आमचं लग्न जमलं तेच मुळी पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर. सॅक, टॉर्च आणि बाटलीभर पाणी एवढ्यावर आम्ही सह्याद्री पालथा घातलेला. लग्नानंतर सॅका माळ्यावर गेल्या, आणि मुलं झाल्यावर त्यांच्यावर जुन्या रजया आल्या. ह्यांचं दुसरं वेड म्हणजे फुटबॉल. कोल्हापूरच्या माणसाबद्दल हे वेगळं सांगायला नकोच. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री आर्जेन्टिनानं विश्वचषक जिंकला, तेव्हा हे पेठेतून फटाके उडवून मध्यरात्री घरी आले नि म्हणाले, "एकदा त्यांचं गाव बघायचं." मी हसले. पण पुढच्याच महिन्यात पोस्टात रिकरिंगचं खातं उघडलं. माझा अर्धवेळ शाळेचा पगार, संध्याकाळच्या शिकवण्या आणि ह्यांचा ओव्हरटाइम. दोन वर्षं नवा फ्रीज नाही की लग्नकार्याला नवी साडी नाही. २०२४ ची भाऊबीज आटोपली, शाळेतून बिनपगारी रजा मिळाली, दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा लेक सासूबाईंच्या स्वाधीन केले आणि आम्ही निघालो.

सॅक भरताना एकच नियम ठेवला : जे आपल्याला तासभर पाठीवर वागवता येणार नाही, ते घ्यायचं नाही. मुंबईहून वाट वाकडी करून, दोन विमानं बदलून जायचं, म्हणजे दीड दिवस प्रवासातच जातो. चार कुडते, दोन सलवारी, एक स्वेटर, औषधांची पुरचुंडी, आणि रात्री धुतलं की सकाळी वाळेल एवढंच बाकीचं. दशम्या आणि तिळाची चटणी वाटेतच संपवली, कारण परक्या देशात खायच्या वस्तू नेण्याचे नियम कडक असतात. तुम्ही कुणी जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी. परतताना आपल्याच देशात उतरताना तिचा दाखला मागतात. आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या; चुरगळलेली नोट तिकडे कुणी खुशीनं घेत नाही.

शनिवारी आम्ही ब्युनॉस आयर्सला उतरलो. नावाचा अर्थ 'चांगली हवा'. हवा खरोखरच चांगली होती. आपल्याकडे थंडीची चाहूल लागते तेव्हा तिकडे वसंत सरत असतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलात फुलणारा नीलमोहर तिथे नोव्हेंबरात फुलतो. रुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना जांभळ्या फुलांचा सडा! गाव नदीकाठी वसलेलं, पण ती नदी म्हणजे समुद्रच म्हणा ना. पलीकडचा काठ दिसत नाही, तो उरुग्वे देशात. आणि पाणी निळं नव्हे, दूध कमी पडलेल्या चहासारखं.

आमचा मुक्काम सान तेल्मो ह्या जुन्या वस्तीत. बॅकपॅकर लोकांसाठी असतं तसं स्वस्त वसतिगृह, स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक. आत पाऊल टाकलं आणि मला एकदम आजोळी आल्यासारखं वाटलं. लांबट फरसबंद चौक, एका बाजूला ओळीनं उंच छताच्या खोल्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे. माझं आजोळ गिरगावातल्या चाळीत होतं, म्हणून ओळख पटायला वेळ लागला नाही. ही ओळख अगदीच चुकीची नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याचं असं झालं की ही घरं एके काळी श्रीमंतांची. १८७१ साली गावात पिवळ्या तापाची भयंकर साथ आली. पैसेवाल्यांनी ह्या वस्तीतून उठून उत्तरेकडे नवी घरं बांधली. मागे राहिलेल्या वाड्यांमधून मग इटली-स्पेनहून बोटींनी आलेल्या गरीब कुटुंबांना एकेक खोली भाड्यानं देऊ लागले. एका खोलीत आठ-दहा माणसं, पाण्याची जागा सामाईक, चौक सामाईक, भांडणंही सामाईक. ह्याला ते 'कोन्वेन्तिशो' म्हणतात. चाळच की ही!

१९०७ साली घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा भाडेकरूंनी भाडं द्यायचंच नाकारलं. पुरुष दिवसभर कामावर. घर खाली करायला आलेल्यांना अडवायचं कोणी? बायकांनी. घरातले झाडू घेऊन बाया नि पोरं रस्त्यावर उतरली, मालकांना गावातून झाडून काढायला! तो संप इतिहासात 'झाडूंचा संप' म्हणूनच ओळखला जातो. हे ऐकलं आणि मला माझी आजी आठवली. १९७२ नंतरच्या महागाईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर ह्यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन निघाल्या होत्या ना, त्यांत आजीही होती. ते लाटणं पुढे तिनं पोळ्या लाटायलाच वापरलं. आम्ही नातवंडं तिला चिडवायचो, "आजी, हेच का ते मोर्चाचं?"

रविवारी सान तेल्मोत मोठा बाजार भरतो. जुनी भांडी, पितळी दिवे, कुणाच्या तरी आजीच्या लेसच्या चादरी. वाटेत एका बाकावर माफाल्दाचा पुतळा बसला आहे. किनो नावाच्या चित्रकारानं १९६४ ते १९७३ ह्या काळात ही चित्रकथेतली मुलगी रंगवली. तिला सूप आवडत नाही आणि प्रश्न विचारल्याखेरीज राहवत नाही. शिक्षण अर्धवट टाकून संसाराला लागलेल्या आपल्या आईलाही ती सोडत नाही. तिच्याशेजारी बसून फोटो काढताना मला माझ्याच लेकीची आठवण झाली. "आई, तू एम.ए. का नाही केलंस?" हा प्रश्न तिनं मला दोनदा विचारून झाला आहे.

आता खाण्याविषयी. मी मांसाहार करत नाही, आणि हे गाव तर गोमांसाच्या भाजलेल्या तुकड्यांसाठी प्रसिद्ध. आठ दिवस केळ्यांवर काढायची तयारी ठेवली होती. पण तशी वेळ आली नाही. तिथे 'एम्पनादा' नावाचा पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. बघाल तर म्हणाल, ही तर आपली करंजी! आत तिखट सारण आणि काठाला सुरेख मुरड. गंमत अशी की मुरड नुसती शोभेची नव्हे. मांसाच्या करंजीची मुरड वेगळी, मक्याच्या सारणाची वेगळी, कांदा-चीजची वेगळी. मुरडीवरून आतलं ओळखायचं. मात्र दुकानागणिक पद्धत बदलते, म्हणून विचारून घेतलेलं बरं. मी 'मका, पालक, कांदा' हे तीन शब्द पाठ केले आणि त्यांवर आठवडा काढला. दुसरी गंमत 'फाइना'ची. पिझ्झाच्या तुकड्यावर ते भाजलेल्या पिठाचा एक जाड पोळा ठेवून खातात. चाखून पाहिलं तर काय, हरभऱ्याचं पीठ! इटलीतल्या जेनोव्हाहून आलेल्या लोकांनी आणलेलं हे बेसनाचं धिरडं मी इतक्या लांब जाऊन खाल्लं.

आणि 'दुल्से दे लेचे'. ह्याची कृती लिहून घ्या, मुलं खूश होतील. एक लिटर सायीचं दूध, पाव किलो साखर आणि चिमूटभर खायचा सोडा जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचा. दीड-दोन तास लागतात. शेवटी शेवटी सारखं ढवळावं लागतं, नाहीतर खाली लागतं. बासुंदीच्या पुढे जाऊन ते तांबूस तपकिरी आणि चकचकीत होतं. सोडा घातल्यावर दूध फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं घ्या. पोळीला लावून छान लागतं.

'माते'ची मात्र माझी फजिती झाली. माते हे कडसर पाल्याचं पेय. एका लहानशा भोपळ्याच्या पेल्यात पाला, त्यावर गरम पाणी, आणि चाळणी लावलेली धातूची नळी. पेला एकच, तो सगळ्यांत फिरतो. एकानं पाणी घालायचं, दुसऱ्यानं संपवून परत द्यायचं. आमच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, निवृत्त शिक्षिका, रोज संध्याकाळी चौकात माते घेऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी मला पेला दिला. मी संपवला आणि शहाण्यासारखं 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हटलं. त्यानंतर पेला सगळ्यांकडे फिरला, माझ्याकडे काही आला नाही! मी मनातून खट्टू. मग कळलं की तिथे धन्यवाद म्हणजे 'पुरे, आता नको'. हवं असेल तर गप्प राहायचं. पाहुण्यानं 'नको नको' म्हणत तीनदा वाढून घ्यायच्या आपल्या रीतीच्या हे अगदी उलट.

सोमवार ह्यांचा. ला बोका ही बंदराकाठची गरीब वस्ती, पत्र्याची घरं लाल-निळ्या-पिवळ्या रंगांनी रंगवलेली. पूर्वी जहाजांना लावून उरलेला रंग घरांना लावत, असं सांगतात. तिथंच बोका ज्युनियर्स संघाचं मैदान, जिथे मॅराडोना खेळला. मैदानासमोर हे दहा मिनिटं नुसते उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. आमच्या लग्नातसुद्धा इतके भारावलेले मी त्यांना पाहिले नव्हते!

परतताना एक प्रसंग घडला, तो सावधगिरीसाठी सांगते. ह्यांच्या सॅकवर मागून पिवळं काहीतरी सांडलं. लगेच एक सभ्य दिसणारी जोडी रुमाल घेऊन धावली, "थांबा, पुसून देतो." नशीब, की वसतिगृहातल्या बाईंनी आधीच बजावलं होतं : "अंगावर काही सांडलं तर तिथं पुसायला थांबू नका." पुसता पुसता पाकीट आणि पिशवी लांबवतात. आम्ही 'नो, नो' करत सरळ एका दुकानात शिरलो. पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आत ठेवा, ही सूचना पुस्तकी नाही, बरं का!

मंगळवारी आम्ही जमिनीखालच्या रेल्वेनं हिंडलो. १ डिसेंबर १९१३ रोजी सुरू झालेली ही रेल्वे दक्षिण अमेरिकेतली पहिली. तिचे लाकडी डबे २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालू होते. बसला ते 'कोलेक्तिवो' म्हणतात. १९२८ साली गिऱ्हाईक मिळेना तेव्हा काही टॅक्सीवाल्यांनी ठरलेल्या वाटेवर अनेक उतारू मिळून घ्यायला सुरुवात केली, त्यातून ह्या बसेस निघाल्या. थोडक्यात, आपली शेअर रिक्षा! बसमध्ये शाळेची मुलं भेटत. अंगात घरचे कपडे आणि त्यावर पांढरा स्वच्छ झगा, डॉक्टरांच्या कोटासारखा. सरकारी शाळेत गरीब-श्रीमंत एकसारखे दिसावेत म्हणून ही रीत आहे. मी शिक्षिका, त्यामुळे माझी नजर त्या झग्यांवर. शाईचे डाग मात्र तिथल्याही आयांना चुकलेले नाहीत.

दुपारी एका जुन्या नाट्यगृहात गेलो. १९१९ साली बांधलेलं ते नाट्यगृह २००० सालापासून पुस्तकांचं दुकान आहे. बाल्कन्यांमध्ये पुस्तकं, प्रेक्षकांच्या बॉक्समध्ये वाचणारी माणसं आणि रंगमंचावर कॉफीची टेबलं. रंगमंचावर बसून कॉफी पिताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, बारा वर्षांत आपण दोघं असं समोरासमोर, मध्ये कुणी न येता, कधी बसलो होतो हो?" हे विचार करू लागले. उत्तर काही आलं नाही.

त्याच रात्री साडेदहाला, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी सातला, घरी फोन लावला. लेकानं घेतला नाही. लेक म्हणाली, "बाबूला ताप आलाय, एकशे दोन." माझ्या पायांतलं बळच गेलं. आठवड्याचं विमान होतं शनिवारचं. आजच्या आज निघायचं म्हटलं तरी पोचायला दीड दिवस. मी ह्यांना म्हटलं, "तिकीट बदला." हे म्हणाले, "डॉक्टरांनी पाहिलंय, आई आहे, बाबा आहेत. आपण पोचेपर्यंत ताप उतरलेलासुद्धा असेल." शब्दानं शब्द वाढला. "तुमचा फुटबॉल झाला, आता तुम्हाला काय!" असंही मी बोलून गेले. मग सासूबाईंनीच फोन घेतला. त्यांचं बोलणं कोल्हापुरी, रोखठोक. "तू इथं येऊन काय करणार हाईस? ताप काय तुला बघून उतरायचाय व्हय? मी काय पोरं वाढवली न्हाईत? गप गाव बघ."

बुधवारी मी कुठेच गेले नाही. चौकात बसून राहिले. त्या शिक्षिकाबाईंनी काही न विचारता मातेचा पेला पुढे केला. ह्या वेळी मी धन्यवाद म्हटलं नाही. दोघींची भाषा वेगळी. फोनवरच्या भाषांतरावर आमचं बोलणं चालायचं. मी लेकाचा फोटो दाखवला, कपाळावर हात ठेवून खूण केली. त्यांना कळलं. मग इकडचं तिकडचं बोलताना त्यांनी भिंतीवर टांगलेलं एक पोचे पडलेलं पातेलं दाखवलं. २००१ च्या डिसेंबरात सरकारनं बँकांतून पैसे काढण्यावर बंधन घातलं. लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या. एका रात्री घराघरांतून लोक पातेली आणि डाव घेऊन बाहेर पडले आणि बडवत बडवत प्लाझा दे मायो ह्या मुख्य चौकाकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. मात्र त्या दोन दिवसांत देशभर कितीतरी माणसं गोळीबारात मेली, हेही त्यांनी सांगितलं. ते पातेलं त्यांनी नंतर स्वयंपाकाला वापरलं नाही. "उद्या गुरुवार," त्या म्हणाल्या. "साडेतीनला त्या चौकात जा."

गुरुवारी सकाळी कळलं की ताप शंभरवर आलाय. थोडी भूक लागली. आम्ही दोघं, अजून अबोला पुरता न सुटलेला, चौकात गेलो. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा, मधोमध एक पांढरा स्तंभ. स्तंभाभोवती फरशीवर पांढऱ्या रुमालांची चित्रं आहेत, हनुवटीखाली गाठ मारलेल्या रुमालांची. साडेतीन वाजले आणि डोक्याला तसेच पांढरे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाया दिसल्या. मोजक्याच. एकीला दोघींनी धरून आणलं होतं. मागे तरुण मुलं, शिक्षक, हातात फलक घेतलेली माणसं. ती सगळी त्या स्तंभाभोवती सावकाश फिरू लागली.

मैत्रिणींनो, १९७६ साली ह्या देशात लष्करानं सत्ता घेतली, ती १९८३ पर्यंत टिकली. त्या वर्षांत हजारो माणसं, बहुतेक तरुण, घरातून, रस्त्यातून उचलून नेली आणि ती परत आली नाहीत. सरकारी चौकशीत जवळजवळ ९,००० जणांची नोंद झाली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. आया पोलीस ठाण्यात जात, इस्पितळात जात, चर्चमध्ये जात. उत्तर एकच : माहीत नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका ह्या चौकात जमल्या. बहुतेक गृहिणी, कधी सभेला न गेलेल्या. पोलीस म्हणाले, घोळक्यानं उभं राहायला बंदी आहे, चालत्या व्हा. मग त्या चालू लागल्या. दोघी दोघी, हातात हात घालून, स्तंभाभोवती. तेव्हापासून दर गुरुवारी.

आणि तो रुमाल? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लुहान ह्या देवस्थानाला मोठी पायी यात्रा निघाली, आपल्या वारीसारखी. त्या गर्दीत आपण एकमेकींना ओळखणार कशा? कुणीतरी सुचवलं, मुलांचे लंगोट बांधू या डोक्याला. त्या वेळी लंगोट कापडाचेच असत, आणि आई मुलाचा एखादा तरी जपून ठेवतेच. तर तो रुमाल म्हणजे लंगोट. ज्या मुलाला शोधत होत्या, त्याचा.

हे वाचलं, तेव्हा मी तिथंच कठड्यावर बसले. झाडू, पातेलं, लाटणं आणि हा लंगोट. आपण म्हणतो, बाईचं जग चार भिंतींत. पण वेळ आली तेव्हा ह्या बायकांकडे दुसरं होतं तरी काय? जे हाताशी होतं, ते घेऊन त्या बाहेर पडल्या.

त्यांच्यातल्या पहिल्या पुढारी असुसेना बिशाफ्लोर. त्यांचा मुलगा आणि होणारी सून दोघंही नेलेली. १० डिसेंबर १९७७ रोजी बाईंनाही घराजवळून उचललं. २००५ साली त्यांच्या अस्थींची ओळख पटली आणि रक्षा ह्या स्तंभाच्या पायथ्याशी पुरली. कैदेत जन्मलेली बाळं परक्या घरी वाढली. त्यांच्या आज्यांनी रक्ताच्या तपासण्यांतून आजवर १३० हून अधिक नातवंडं शोधून काढली आहेत. 'आई कुठाय' हे मुलानं विचारायचं. इथे पन्नास वर्षं होत आली, आया विचारताहेत, 'मूल कुठंय?'

माझ्या लक्षात आलं, आज १४ नोव्हेंबर, आपल्याकडे बालदिन. माझ्या मुलाला ताप आला होता, डॉक्टर होते, आजी होती, आणि तो मला फोनवर सापडत होता. मी दोन दिवस रडत होते ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. आईचं मन तसंच असतं. पण स्वतःला अपराधी समजत होते, तो अपराध मात्र कुठे दिसेना. त्या बायकांना घर सोडून चौकात आल्याबद्दल लोक वेड्या म्हणत. त्या घरी बसल्या असत्या, तर कुणी काही म्हटलं नसतं. हे माझ्याशेजारी येऊन बसले. "चालायचं का आपणही एक फेरी?" त्यांनी विचारलं. आम्ही मागच्या रांगेत शिरलो. एका अनोळखी बाईनं माझ्या हातात हात अडकवला.

उरलेला एक दिवस छान गेला. नदीकाठच्या नव्या वस्तीत रस्त्यांना बायकांची नावं आहेत. असुसेनाबाईंचंही आहे आणि आर्जेन्टिनातल्या पहिल्या स्त्री-डॉक्टर सेसिलिया ग्रिअर्सन ह्यांचंही. पुलाचं नावसुद्धा 'बाईचा पूल'. त्या पुलावरून घरी फोन केला. लेकाचा ताप उतरला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मेस्सीचा शर्ट घेतला का?"

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग उठून आत गेल्या, ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेलं पिवळट पडलेलं एक मऊ कापड आणून माझ्यासमोर ठेवलं. "ह्याचा हाय," म्हणाल्या. ह्यांचा! अडतीस वर्षं ठेवलेला. मला माहीतही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या बाया अजून फिरत्यात व्हय?"

"हो, दर गुरुवारी."

त्यांनी कापडाची परत तशीच घडी घातली.

मैत्रिणींनो, सगळ्यांनाच एवढ्या लांब जाता येईल असं नाही. आम्हालाही पुन्हा जमेल की नाही, कोण जाणे. पण माळ्यावरची सॅक खाली काढायला काय हरकत आहे? खरंच पन्हाळ्याला जा, दोघंच. आणि जिन्यात कुणी विचारलंच, "आणि मुलं गं?", तर थांबून सांगा, "आजीपाशी आहेत. मजेत आहेत." सॅका आता मी माळ्यावर ठेवलेल्या नाहीत. दाराच्या मागे खुंटीला अडकवल्या आहेत.